दोन नावांचा घोडा

पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या बायकांनी.
घोडीची धार काढायला अनारकुलने बाह्या सारल्या,
तर मनगटापासून कोपरापर्यंत
निळेजांभळे डाग.
कुणी काही बोललं नाही.
पण त्या दिवसापासून आमच्या तंबूत
चहाला कोणी थांबेना.

बेचाळीस वर्षांच्या संसारात
मी आवाज चढवला असेल, हात नाही.
पण हे सांगायचं कुणाला?
सोन-कुलच्या कुरणावर वारासुद्धा
एका तंबूतलं दुसऱ्या तंबूत नेतो.

मग बुरूल आली, नारिनच्या दवाखान्यातली नर्स.
गाडी चालते तिथवर गाडीने,
पुढे कुणाच्या तरी मागून घेतलेल्या घोड्यावर.
तिने डाग पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.
त्या पाहण्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.
"पिशवी आण," म्हणाली.
"कसली?"
"औषधांची. सगळी. उशीखालचीसुद्धा."

नमद्यावर तिने पिशवी उपडी केली:
हृदयाच्या ऑपरेशननंतर मिळालेलं खोकं,
माझ्या गुडघ्याच्या गोळ्या
(पाठ धरली की अनारकुलही घ्यायची त्यातली एखादी),
कोटाचं बटण, मेंढ्यांचं जंताचं औषध,
आणि थोरल्याने बिश्केकहून धाडलेलं नवं खोकं,
"आई, हे चांगल्या कंपनीचं."

तिने दोन्ही खोकी शेजारी शेजारी ठेवली.
"तुझ्या करड्या घोड्याचं नाव काय?"
"मी बोझ म्हणतो. नातू म्हणतो राकेता."
"म्हणजे घोडे किती?"
"एकच की."
ती गप्प राहिली.
मी खोक्यांकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी
रक्त पातळ करणारी एकच गोळी
मी तिला दोनदा देत होतो,
न विसरता, कोमट पाण्याबरोबर.
बायका अगदीच चुकल्या नव्हत्या.
डाग माझ्याच हातचे होते.

बोटाला सुई, थेंबभर रक्त, यंत्रावर आकडा.
बुरूल टेकडी चढून डॉक्टरांशी बोलून आली.
दोन दिवस बंद, मग एकच,
शनिवारी पुन्हा तपासायचं.
ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.
तिने चहा मागितला आणि शिकवायला बसली:
शेवटची धार झाली की गोळी.
गुडघ्याच्या तुझ्या, तिच्या नव्हेत.
हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्याला मार,
यात सकाळची वाट बघायची नाही.
रानकांदा खाऊ दे, पण रोजच्याइतकाच,
एखाद्या दिवशी ढीग नको.

"समजलं," मी म्हणालो.
चार वेळा म्हणालो,
पाहुणा उठावा म्हणून म्हणतात तसं.

"समजलं नको. सांग.
आता मी सागिनबेक, तू बुरूल."
आणि माझी टोपी उचलून तिने डोक्यावर घातली,
पाय पसरले, अगदी माझ्यासारखी कण्हली:
"काल विसरलो बघ. आज दोन देऊन टाकू?"
"नाही!" मी असा ओरडलो
की बाहेरचं कुत्रं उठलं.
"गेली ती गेली! आज एकच!"
"बरं, आणि पडली ही, डोकं आपटलं, तर?
इथे फोन लागत नाही."
"टेकडीवर लागतो, पांढऱ्या दगडाशी!"
"रात्रीचं कोण चढणार, या गुडघ्यांनी?"

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.
"चढेन," म्हणालो. "बोझवर बसून."
"राकेतावर," अनारकुल म्हणाली,
आणि कितीतरी दिवसांनी हसली,
हिरडीवरचं रक्त दिसेल इतकी.

जाताना बुरूल शेजारच्या तंबूपाशी घोड्यावरून उतरली.
काय बोलली, ठाऊक नाही.
डाग आता हिरवे, कडेने पिवळे.

काल शेजारची बेर्मेत आली,
दारात उभी, पदराआड दोन खोकी.
"सासऱ्यांची आहेत. तुम्ही बघाल का जरा?"
"मी कोण बघणारा? शनिवारी बुरूल येतेय."
ती वळली.
"पण सगळी आण," मी मागून म्हणालो.
"उशीखालचीसुद्धा.
आणि आत ये आधी. चहा आहे."